गंज गोळा करणारे चाचा

शेवगावात मी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं आधार कार्ड विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही. गावाकडच्या शेतातली मूठभर माती घेऊन या, मग बोलू, एवढं म्हणाले आणि दार लावून घेतलं. नोकरी नवी, गाव नवं, आणि लॉजवरच्या ढेकणांनी माझं निम्मं रक्त संपवलेलं. मी मुकाट्यानं घरी गेलो आणि रुमालात माती बांधून परत आलो.

त्यांनी ती हुंगली. चिमटीत चोळली. तळहातावर घेऊन पाण्याचे थेंब टाकले, गोळी वळली आणि कानाशी धरून दाबली, जणू ती आतून काही बोलणार होती. मग गळ्यात ताइतासारखं बांधलेलं लोहचुंबक काढून मातीतून फिरवलं आणि निकाल दिला, "वरल्या अंगाला कॅनॉल हाय. वडील उसाला पाणी जास्त सोडतात. आणि बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद हाय."

मी गारच पडलो. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. यातली तिसरी गोष्ट नगर जिल्ह्यात कुठल्याही मातीकडं न बघता सांगता येते, हे पुष्कळ दिवसांनी माझ्या लक्षात आलं. पण तोवर मी त्यांच्या माडीवर राहून, त्यांना मोटारसायकलवर मागं बसवून निम्मा जिल्हा पालथा घातला होता.

सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. उंची अशी की एस.टी.त उभे राहिले तर टपाला पोचा येईल, आणि अंगात मांस असं की पावसात दोन थेंबांच्या मधून कोरडे निघून जातील. मी वाढवून सांगतोय असं तुम्हाला वाटेल. सांगतोच आहे. पण ज्यांनी चाचांना पाहिलंय ते म्हणतील, कमीच सांगितलं.

ते चुंबक गळ्यात असल्यामुळं शिंप्याच्या दुकानात त्यांना मनाई होती. एकदा ते पायजम्याचं माप द्यायला वाकले आणि सरळ झाले तेव्हा त्याच्या सगळ्या टाचण्या यांच्या छातीवर होत्या. तालुक्यातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी. तलाठी त्यांचा, फौजदार त्यांचा, जेसीबी चालवणाराही त्यांचाच. एकदा त्यांनी भर रस्त्यात वरात थांबवून घोड्यावरच्या नवरदेवाला गंजाचं रासायनिक सूत्र विचारलं. पोरानं मुंडावळ्या बाजूला सारून उत्तर दिलं, ते चुकलं. चाचांनी बँड बंद करायला लावून तिथंच समजावून सांगितलं आणि मुहूर्त टळला. मुलीकडचे अजून सांगतात, आमचा जावई आधी नापास झाला आणि मग मांडवात आला.

गंज हा त्यांचा जीव की प्राण. लोक म्हाताऱ्या माणसाला संत्री घेऊन जातात, चाचांकडं येणारा माणूस गंजलेले खिळे, तुटक्या कड्या, सडलेली घमेली घेऊन येई. अंगणात त्याचा ढीग होता. मी एकदा म्हणालो, चाचा, हे भंगारवाल्याला द्या. तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांची बहीण मागितली होती.

"खतवाले," ते म्हणाले. मी खताच्या कंपनीत असल्यामुळं माझं नाव त्यांनी कधी विचारलंच नाही. "गंज म्हंजे लोखंडाचं म्हातारपण न्हाई. ते त्याचे कमाईचे दिवस असतात."

ही कमाई कशाची, ते कळायला खाणीकडं जावं लागेल.

शेवगावहून पाथर्डीकडं निघालं की रस्त्यापासून आत एक जुनी खडीची खाण आहे. कुठल्याशा रस्त्यासाठी डोंगराचा लचका तोडला, दगड संपला, माणसं निघून गेली आणि खड्डा मागं राहिला. त्या खड्ड्याच्या काठावर चाचांच्या आजोबांचं कातड्याचं गोदाम होतं. कातड्याला कसर लागू नये म्हणून त्या काळी सोमलाचं पाणी लावत. सोमल म्हणजे आर्सेनिक, विषातलं नावाजलेलं विष. उरलंसुरलं पाणी, पिंपांचा गाळ, झाडलोट, सगळं शेजारच्या खाणीत जाई. आयता खड्डा होता, कुणाला काही वाटलं नाही. पुढं गोदाम बंद पडलं, भिंतीचे दगड लोकांनी नेले, खाण मातीनं अर्धी भरली आणि तिथं गवत उगवलं. सोमल मात्र कुठं गेला नव्हता. तो खाली बसून होता.

खाणीच्या खालच्या अंगाला आक्काचं रान होतं आणि रानात विहीर. आक्का म्हणजे अंगानं मूठभर, पण आवाज असा की तिनं बांधावरून हाक मारली तर पाथर्डीच्या बाजारातली म्हैस मान वर करी. नवरा लवकर गेला. एक मुलगा, सून, एक नात. विहिरीच्या जिवावर मेथी, कोथिंबीर, कांदा काढायचा आणि शेवगावच्या बाजारात बसून विकायचा, असं सुरळीत चाललेलं. मग सरकारी माणसं गावोगावच्या पाण्याचे नमुने घेत तिकडं आली, आणि काही दिवसांनी विहिरीच्या कठड्यावर लाल रंगाचा मोठा गोल काढून गेली. हे पाणी पिऊ नये.

लाल गोलाची बातमी बाजारात आक्काच्या आधी पोचली. तिच्या मेथीला कुणी हात लावेना. सोमलाच्या मळ्यातली भाजी, असं नाव पडलं. भाजी खाल्ल्यानं काय होतं आणि काय होत नाही, याच्या कथा मी सांगतो त्याहून मोठ्या. त्या वर्षी दसऱ्यानंतर आक्का, मुलगा आणि सून मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला गेले. नातीची शाळा सुटली. पाथर्डीच्या बाजूला घरोघरी माणसं जातात, त्यात आता हे एक घर वाढलं. पुढच्या वर्षी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्याही.

चाचांनी तो लाल गोल पाहिला तेव्हा मी शेजारी होतो. ते गोलाभोवती फिरले, वाकून विहिरीत पाहिलं, मग खाणीकडं पाहिलं. एरवी एका वाक्यात तीन धडे शिकवणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "वस्तू आमच्या घरची हाय. आमीच आवरणार." खाणीची ती जागा अजून त्यांच्याच नावावर होती. फुकट देऊनही ती कुणी घेतली नसती.

आक्का तोडीवरून परतली तेव्हा चाचांनी तिला शब्द दिला, तुझी विहीर चांगली करून देतो, ट्रकमधून तुला खाली उतरवतो. आक्का म्हणाली, बघा बाबा, तुमचा हात लागून अजून खराब झाली न्हाई म्हंजे मिळवली. तिनं हे गमतीनं म्हटलं होतं.

आता आमच्या भागातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडं जमीन बिघडते ती एकाच तऱ्हेनं. उसाला पाणी पाजून पाजून क्षार वर येतात आणि रान पांढरं पडतं. त्याला औषधही एकच. बांध घालायचा, शेणखत ओतायचं, पाणी भरायचं आणि कोंडून ठेवायचं. पाणी खाली जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. हा इलाज आमच्याकडं लहान पोरालाही माहीत असतो. चाचांनी विचार केला, खारट जमीन धुता येते तर सोमलाची का नाही.

मग काय विचारता. खाणीच्या तोंडाला बांध पडला. जेसीबीवाल्या विद्यार्थ्याकडून काम, दुसऱ्या विद्यार्थ्याकडून टँकर, आणि शेणखताच्या इतक्या गाड्या, की पंचक्रोशीतल्या गाई थकल्या. पावसाळाभर खाण तुडुंब ठेवली. काठावरचं गवत माणसाच्या कमरेला लागलं. बेडूक असे ओरडत की पाथर्डीच्या एस.टी.चा ड्रायव्हर हॉर्न न वाजवता जाई, काही उपयोग नाही म्हणून. चाचा चहाच्या हॉटेलात बसून लोकांना सांगू लागले, जमीन खुशीत आली बघा, सोमल निघाला, पार पाताळात गेला.

पाताळात जायच्या वाटेवर आक्काची विहीर होती.

तेवढ्यात विद्यापीठातल्या एक मॅडम नमुने घ्यायला आल्या. वयानं चाचांच्या मुलीसारख्या, बोलणं हळू, आणि मातीशी वागणं डॉक्टरनं पेशंटशी वागावं तसं. खाणीवर येऊन त्यांनी ते तळं पाहिलं आणि एका दगडावर बसल्या. ही कल्पना कुणाची, असं विचारलं. चाचा छाती पुढं काढून म्हणाले, माझी. मॅडमनी उठून विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतलं. विहिरीच्या पाण्याचा निकाल त्यांनी फोनवर कळवला. सोमल पूर्वीपेक्षा दुप्पट झाला होता.

मग त्या मुद्दाम पुन्हा आल्या आणि समजावून सांगितलं. सोमल मातीत सुटा नसतो, तो मातीतल्या लोखंडाच्या गंजाला चिकटून बसतो. जमिनीत हवा खेळती असली की गंज टिकतो आणि सोमल त्याला धरून राहतो. पण पाणी कोंडलं, त्यात शेणखत कुजलं, की आतली हवा संपते, गंज विरघळतो, आणि त्याला धरलेला सोमल सुटा होऊन पाण्याबरोबर चालायला लागतो. मिठाचं आणि याचं वागणं अगदी उलटं. तुम्ही त्याला धुतलं नाही, मॅडम म्हणाल्या, तुम्ही त्याचे हात सोडवले.

मी चाचांकडं बघायचं टाळलं. चाळीस वर्षं शिकवलेला माणूस, आणि नापास झाला तो बेडकांसमोर. आक्का तिथंच उभी होती. तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदाच लहान निघाला.

"चाचा, दसऱ्याला ट्रक येती. आमी जातो. पन तुमी आता माझ्या हिरीला हात लावू नका."

चाचांनी मान हलवली. घरी आले आणि कितीतरी दिवस त्यांनी कुणाची माती हुंगली नाही. मी जिन्यात भेटलो तरी नुसते बाजूला होत. शेजारपाजारचे म्हणायला लागले, चाचा आजारी आहेत. मला वाटलं, आता आटोपलं. तसं ते आटोपलं असतं तर मीही एक शांत भाडेकरू झालो असतो.

एके सकाळी त्यांनी माझ्या खोलीचं दार वाजवलं. हातात पिशवी, अंगात इस्त्रीचा सदरा. विद्यापीठात जायचंय, म्हणाले. मॅडमच्या खोलीत जाऊन समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून सांगा, मी लिहून न घेता ऐकतो. मॅडमनी सांगितलं. चाचांनी शंका विचारल्या. त्यातल्या काही बावळट होत्या, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं आणि तरी विचारल्या. परतीच्या वाटेवर मोटारसायकलवर मागं बसून ते माझ्या कानात ओरडत होते, कारण वारा होता आणि आनंदही होता.

"खतवाले, एस.टी. समजा. सोमल म्हंजे उभा पॅसेंजर. गंज म्हंजे वरची दांडी. दांडी हाय तोवर पॅसेंजर कुठं जात न्हाई. पाणी कोंडलं की दांडीच वितळती. आणि तुमचं ते डीएपी खत म्हंजे गर्दीत घुसणारा दांडगा माणूस. तो दांडी स्वतः धरतो अन् ह्याला ढकलून देतो."

त्या दिवसापासून माझ्या खताच्या सॅम्पलच्या पिशव्यांना घरात बंदी झाली. मी त्या मोटारसायकलच्या डिकीत लपवून ठेवायचो, दारू पिणारा माणूस बाटली ठेवतो तशा.

काम काय करायचं ते मॅडमनी नीट सांगितलं होतं. बांध फोडायचा नाही, नाही तर तळं खालच्या ओढ्यात जाईल. वरून येणारं पाणी चर खणून बाजूला काढायचं, तळं उन्हानं आटू द्यायचं. माती सुकली, हवा खेळली, की तिच्यात भरपूर गंज मिसळायचा आणि वरून मुरूम दाबायचा. खाली पॅसेंजर जास्त, तेव्हा दांड्या वाढवायच्या. तोंडाला फडकं आणि हातात मोजे असल्याशिवाय कुणी आत उतरायचं नाही. या शेवटच्या अटीवर मॅडम फार कडक होत्या. चाचांचे मोजे त्यांच्या बोटांना पुरत नसत, तेव्हा त्यांनी गुरांच्या डॉक्टरचे खांद्यापर्यंतचे मोजे आणले. त्यांना बघून गावातल्या म्हशी वाट सोडत.

आणि मग सुरू झाला गंजाचा शोध. अंगणातला ढीग खाणीपुढं म्हणजे पातेल्यात मोहरी. नगरच्या एमआयडीसीत लेथवर लोखंड कातताना त्याचा कीस निघतो, तो चाचा गोणीत भरून आणू लागले. वाटेतच गंजायला लागावा म्हणून गोणी मिठाच्या पाण्यात भिजवून एस.टी.त ठेवत. एकदा मी बरोबर होतो. मिरी गावाच्या आसपास सीटखालून लाल पाणी ओघळायला लागलं. पुढच्या बाईनं पाय वर घेतले. तिच्या पुढच्यानं तिला विचारलं, आणि बातमी ड्रायव्हरपर्यंत जाईतो गोणीत माणूस होता. कंडक्टरनं गाडी पोलीस चौकीला लावली. फौजदार काठी घेऊन आत चढला, गोणीपाशी बसलेल्या माणसाला पाहिलं, आणि काठी पाठीमागं लपवून म्हणाला, नमस्कार सर. चाचांनी त्याला गोणी उघडायला लावली, मूठभर कीस त्याच्या हातावर ठेवला आणि विचारलं, हा लाल का झाला, सांग. तो अडखळला. सगळी एस.टी. तास संपेपर्यंत थांबली. पाय वर घेतलेल्या बाईनं शेवटी स्वतः उत्तर दिलं, आणि चाचांनी फौजदाराला सुनावलं, बघ, ही शाळेत गेली न्हाई.

मध्येच त्यांना नेच्याचं वेड लागलं. एका जातीचा नेचा मातीतला सोमल ओढून पानात साठवतो, असं त्यांनी मॅडमकडून ऐकलं होतं. राजूरकडच्या ओलसर दरडीवरून टोपलीभर रोपं आणली. शेवगावच्या उन्हात ती वाळू लागली, तेव्हा त्यांना गारवा हवा म्हणून माझ्या न्हाणीघरात ठेवली. मी कित्येक दिवस जंगलात आंघोळ करत होतो. साबण शोधायला गेलो तर हाताला बेडूक लागे. शेवटी मॅडमनी विचारलं, पानं सोमलानं भरली की ती टाकणार कुठं, आणि शेळीनं खाल्ली तर? चाचांनी थोडा विचार केला आणि नेचे राजूरला परत नेले. फेकले नाहीत, परत नेऊन ज्या दरडीवरून काढले होते तिथंच लावले. मीच नेलं त्यांना. जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मांडीवर झाडं घेऊन.

त्या फेरीत मात्र काम झालं. राजूरच्या बाजारात बाहेरचा माणूस हिरडा घेतो, तांदूळ घेतो. चाचा तिथल्या रस्त्याच्या कडेची तांबडी माती उकरून तिच्यात चुंबक फिरवू लागले. ती माती म्हणजे नुसता गंजच, डोंगरानं स्वतः तयार केलेला. भोवती माणसं जमली. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, हे काय काढताय, गुप्तधन हाय का? चाचा म्हणाले, व्हय, हायच. आमच्याकडच्या काळ्या मातीला धरायला हात कमी पडतात, तुमच्या मातीला हातच हात हायेत. त्या बाईला काय समजलं कोण जाणे, पण तिनं जावयाला सांगितलं आणि त्याच्या घराच्या पायाची निघालेली माती टेम्पोत भरून मिळाली. टेम्पोवाला वाटभर विचारत होता, मातीच्या गावाला माती कशाला नेताय.

हे सगळं आक्का तोडीला गेलेली असताना चाललं होतं. ती परत आली तेव्हा उन्हाळा तापलेला. मी आणि चाचा खाणीत होतो. तळं आटलं होतं, ढेकळं फोडून त्यांच्यात गंज आणि तांबडी माती कालवली जात होती. चाचा मोज्यांसकट लालभडक, तोंडाला फडकं, पायजमा गुडघ्याच्या वर. विहिरीकडं ते फिरकले नव्हते, शब्द पाळला होता. आक्का काठावर येऊन उभी राहिली. ऊस तोडून तोडून तिच्या तळहातांना घट्टे पडलेले, सुनेचा हात धरून नात. मला वाटलं, आता हाक येणार आणि पाथर्डीच्या म्हशी उठणार.

ती खाली उतरली. मी लगेच तिला फडकं आणि मोजे दिले, कारण मॅडमची अट. तिनं तोंड बांधलं, चाचांच्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि म्हणाली, "असं कुनी ढेकूळ फोडतं व्हय? सरका तिकडं." आणि सपासप फोडायला लागली. चाचा बाजूला झाले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते फडक्यामुळं दिसलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

खाण भरली, मुरूम दाबला, चर काढला. पण विहीर काही लगेच ऐकत नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर मॅडमनी सांगितलं, सोमल थोडा उतरलाय. थोडा म्हणजे किती, असं चाचांनी फोनवर इतक्यांदा विचारलं, की मॅडमनी शेवटी फोन नवऱ्याकडं दिला. त्या वर्षीही ट्रक आला आणि आक्का गेली. जाताना चाचांना सांगून गेली, चरात पाला साचू देऊ नका. चाचा रोज जायचे. म्हणजे मी न्यायचो. आभाळात ढग दिसला की ते माझ्या दाराशी हजर. लग्न असो, मयत असो, आधी चर. पाऊस पडत असताना चराच्या काठावर छत्री घेऊन उभा असलेला माणूस पाहिला, की लोक विचारायचे, काय बघताय? पाणी पुढं जातंय की न्हाई ते बघतोय, म्हणायचे. त्यांना एकच भीती, पाणी तुंबलं तर सोमलाचे हात सुटतील. सोमल गेलेला नव्हता, हे ते कुणाला विसरू देत नसत. खाली बसलाय, झोपलाय, त्याला उठवू नका. खाणीजवळून मोठ्यानं बोलत जाणाऱ्यालाही ते गप्प करत. त्याचा सोमलाशी काही संबंध नव्हता, पण सवय.

पुढच्या पावसाळ्यानंतर निकाल बरा आला. त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर मॅडमनी स्वतः येऊन पाणी पुन्हा तपासलं, मग आणखी एकदा, आणि मग सरकारी माणसांनीही तपासलं. प्यायला चालेल. एक माणूस तारेचा ब्रश घेऊन आला आणि कठड्यावरचा लाल गोल खरवडून गेला. पुसट डाग राहिलाच.

आता खरी अडचण बाजाराची. पाणी शुद्ध झालं, पण लोकांच्या मनातला गोल कुठल्या ब्रशनं खरवडायचा? शेवगावच्या आठवडे बाजारात आक्का मेथी घेऊन बसली तेव्हा चाचा विहिरीच्या पाण्याची कळशी घेऊन शेजारी बसले. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर तांब्याभर पाणी प्यायचे. दुपारपर्यंत अर्धी कळशी पोटात. उठून गेले की आक्का त्यांच्या मागून ओरडायची, ओ चाचा, पोटाची हीर करून घेताय काय? लोक हसले, हसताना थांबले, थांबले ते जुडी घेऊन गेले. पाण्याच्या शुद्धतेपेक्षा चाचांच्या पोटाची कुवत लोकांना जास्त पटली असावी. काही का असेना, दिवस मावळायच्या आत टोपली रिकामी झाली. चाचांना मात्र मी घरापर्यंत मोटारसायकल फार हळू चालवत नेलं.

आणि दसरा आला.

दरवर्षीप्रमाणं मुकादमाचा ट्रक आला. गाठोडी, पत्रे, भांडी, कोंबड्या, लहान पोरं, वर बायका. आक्काच्या रानाशी थांबून त्यानं हॉर्न दिला. त्या दिवशी आम्हीही तिथंच होतो, चाचा सकाळपासून तिथंच घुटमळत होते. मला म्हणाले होते चर बघायचाय. पाऊस कधीच थांबलेला होता आणि चरात एक काडीही नव्हती.

आक्का कांद्याच्या रोपाला पाणी देत होती. हाताला चिखल तसाच, ती ट्रकपाशी गेली. मुकादमानं वरून विचारलं, यायचंय का, जागा ठेवलीय. मुलगा बांधावर उभा राहून आईकडं बघत होता. नात दप्तर घेऊन शाळेला निघालेली, तीही थांबली.

 आक्का वर बसलेल्या बायकांकडं बघून म्हणाली, "खाली उतरा. पानी भरून घ्या. कारखान्यापातुर असलं पानी मिळनार न्हाई."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. त्यातल्या कितीतरी जणी दरसाल तिच्या शेजारी बसून गेलेल्या, लाल गोल सगळ्यांना माहीत. मग एक उतरली. तिच्या मागं दुसरी. आक्कानं मोटर चालू केली आणि पाईप त्यांच्या कॅनमध्ये सोडला. ड्रम भरले, घागरी भरल्या, पोरं ओंजळी लावून पाणी प्याली, कोंबड्यांनाही पाजलं. चाचा त्या गर्दीत इकडून तिकडं पळत होते, पाईप तिकडं धरू नका, खाणीच्या अंगाला थेंब सांडू नका, इकडं, इकडं उताराला.

एका पोरीनं आक्काला विचारलं, हे बाबा कोन?

"आमच्या हिरीचा वॉचमन हाय," आक्का म्हणाली. "पगार न्हाई, पन बोलतो लई."

ट्रक भरला, हलला, धूळ उडवत रस्त्याला लागला. ड्रममधलं पाणी हिंदकळून मागच्या फळीवरून गळत होतं, त्याची ओली रेघ वळणापर्यंत दिसत होती. नात शाळेच्या वाटेनं पळाली. चाचा कमरेवर हात ठेवून त्या रेघेकडं बघत उभे राहिले. आक्का वाफ्याकडं वळली, जाता जाता म्हणाली, "नुसतं उभं ऱ्हाऊ नका, चाचा. माझं रोप वाळतंय. त्या कडंच्या वाफ्याचं दार धरा, पानी वळवा."

चाचांनी पायजमा वर खोचला आणि वाफ्यात उतरले.